क्लब विसरायला लागणारा वेळ

गोल्फच्या पिशवीत चौदाहून अधिक क्लब, म्हणजे चेंडू मारण्याच्या काठ्या, ठेवता येत नाहीत. अमेरिकेतील गोल्फ संघटनेने हा नियम १९३८ पासून लागू केला आणि पुढच्या वर्षी सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए संस्थेनेही तो स्वीकारला. त्यापूर्वी लॉसन लिटलसारखे खेळाडू तीसच्या आसपास क्लब घेऊन मैदानावर उतरत आणि ते ओझे अर्थातच कॅडीच्या खांद्यावर असे. मर्यादा आल्यामुळे कॅडीचे खांदे हलके झाले, पण खेळाडूच्या डोक्याला एक काम लागले. तेव्हापासून नवा क्लब पिशवीत येतो तो दुसऱ्या कोणाची तरी जागा घेऊनच. भर घालण्याची सोय नाही, केवळ अदलाबदल करता येते; आणि जे बाहेर गेले त्याच्याशी तुलना होण्याचे टळत नाही. (माझ्या काकूला एका चेंडूसाठी चौदा काठ्या तरी कशाला लागतात, हे अजून पटलेले नाही. तिच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला आजवर देता आलेले नाही.)

मी पुष्कळ वर्षांनी आयर्नचा, म्हणजे धातूच्या पात्यासारख्या डोक्याच्या क्लबांचा, संपूर्ण सेट बदलला. मी मडगावला राहतो आणि दक्षिण गोव्यातील हॉटेलांच्या आवारांत जी लहान मैदाने आहेत तेथे खेळतो. त्यातही अधिक जाणे होते ते काणकोणला राजबागेत, जिथे जवळच तळपण नदी समुद्राला मिळते आणि दुपारनंतर वारा पश्चिमेकडून बऱ्यापैकी नेमाने येतो. जुन्या सेटमध्ये तसा दोष काही नव्हता. खाऱ्या हवेने क्रोमचा मुलामा काही ठिकाणी उडाला होता, त्याखालच्या पोलादावर तांबूस डाग पडले होते आणि फेसवरच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवरच्या, खाचा वाळूने झिजून उथळ झाल्या होत्या. एवढ्या कारणासाठी सेट बदलता येतो, आणि एवढ्या कारणाकडे दुर्लक्ष करून तो आणखी दहा वर्षे वापरताही येतो. बदलण्याचा निर्णय झाला तो मनात, आणि गंजाचे कारण नंतर शोधले गेले. माझ्या माहितीतील बहुतेक खेळाडूंचे असेच होते.

नव्या क्लबने खेळ सुधारतो का, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, कारण त्याचे उत्तर क्लबची निवड, शाफ्टची (दांड्याची) लवचिकता, लाय अँगल (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) आणि ग्रिपची (मुठीची) जाडी यांवर अवलंबून असते आणि ते मोजून काढता येते. मला कुतूहल आहे ते निराळ्या गोष्टीचे. जुना क्लब आणि नवा क्लब यांच्या स्मृती एकमेकींच्या उलट असतात. जुना क्लब हातात असताना आपण आपल्या हातांना विसरतो. पकड, मनगट, उजवे कोपर यांच्याकडे लक्ष जात नाही. मात्र त्या क्लबने झालेल्या चुका आपल्याला नेमक्या ठाऊक असतात. नव्या क्लबच्या नावावर एकही चूक नसते, पण तो हातात आला की आपले हात आपल्याला पुन्हा आठवू लागतात. बदलातले सुख चुकांच्या स्मृतीतल्या फरकातून येते आणि दुःख हातांच्या स्मृतीतल्या. आणि दोन्हींचे वेळापत्रक वेगळे असल्याने मधल्या काळात माणूस पुरता गोंधळून जातो.

आधी सुखाचे सांगतो. एका होलवर ग्रीनच्या, म्हणजे होलाभोवतीच्या आखूड गवताच्या, डाव्या अंगाला पाणी आहे. तिथे माझ्या जुन्या सहा नंबरच्या आयर्नने चेंडू डावीकडे इतक्या वेळा नेला होता की तो क्लब पिशवीतून उपसतानाच डोळे पाण्याकडे जात. नवा सहा नंबर घेऊन त्याच जागी उभा राहिलो तेव्हा पाणी तिथेच होते, वाराही तोच होता, परंतु हातातल्या वस्तूला त्या पाण्याशी काही देणेघेणे नव्हते. चेंडू सरळ गेला. यात क्लबच्या रचनेचा वाटा किती आणि कोऱ्या पाटीचा किती, हे मी सांगू शकत नाही. पण पहिल्या काही आठवड्यांतील चांगल्या खेळाचे श्रेय बहुतेक जण पूर्णपणे धातूला देऊन टाकतात, ते मला जास्तीचे वाटते.

त्या काळात हिशेबाची पद्धतच बदललेली असते. चेंडू चांगला गेला तर ते क्लबचे गुण आणि वाईट गेला तर ‘अजून सवय व्हायची आहे’. म्हणजे वाईट फटक्याचा दोष कोणाच्याच खात्यावर पडत नाही. गोल्फमध्ये एका वाईट फटक्याचे नुकसान पुढच्या फटक्यापर्यंत पोहोचते ते रागामुळे, आणि राग येण्यासाठी कोणीतरी दोषी असावा लागतो. दोषी कोणीच नसल्याने पुढचा फटका शांत मनाने मारला जातो. मग काही आठवडे उलटतात आणि कोणीही न सांगता हिशेब उलटा होतो: चांगला फटका माझा आणि वाईट फटका क्लबचा. याच सुमारास लोक शाफ्ट कडक आहे, डोके जड आहे, ठोक्याचा आवाजच बरोबर नाही, असे बोलू लागतात. क्लबमध्ये या काळात तसूभरही फरक पडलेला नसतो.

श्रद्धेचा परिणाम किती खरा आहे, यावर काही प्रयोग झाले आहेत, आणि त्यांपैकी बरेचसे गोल्फच्या पटरवरच, म्हणजे चेंडू हलकेच होलात ढकलण्याच्या क्लबवरच, झाले, कारण प्रयोगशाळेतल्या गालिच्यावर पटिंग सहज करून घेता येते. जर्मनीत केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींना ‘हा नशीबवान चेंडू आहे’ असे सांगून चेंडू दिला आणि त्यांनी अधिक पट होलात घातले. २०११ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी काही जणांना सांगितले, की हा पटर २००३ ची ओपन स्पर्धा जिंकणाऱ्या बेन कर्टिसचा आहे. त्यांनी अधिक पट तर घातलेच, शिवाय होलाचे चित्र काढायला सांगितल्यावर इतरांपेक्षा मोठे होल काढले. २०१६ मधील एका अभ्यासात तर केवळ पटर नायकेचा असल्याचे सांगितल्याने फटके कमी लागले. हे वाचायला गोड वाटते, म्हणूनच हेही सांगितले पाहिजे की नशीबवान चेंडूचा प्रयोग २०१४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी अधिक लोकांवर पुन्हा करून पाहिला आणि त्यांना तो परिणाम आढळला नाही. माझा स्वतःचा कल असा, की श्रद्धेने हात सुधारत नाहीत. तिने काही काळ हातांतली लुडबुड थांबते, आणि हौशी खेळाडूच्या खेळात लुडबुडच इतकी असते की ती थांबली तरी पुष्कळ.

श्रद्धेला खतपाणी घालण्याचे काम क्लबच्या तळावर कोरलेला आकडाही करतो. माझ्या जुन्या सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे फेस मागे झुकलेला असतो तो कोन, ३६ अंश होता. नव्याचा २९ अंश आहे आणि शाफ्टही थोडा लांब आहे. म्हणजे नवा सात नंबर हा बराचसा जुन्या पाच नंबरचा, अधिक लांब मारणाऱ्या क्लबचा, वंशज आहे. साहजिकच चेंडू लांब जातो आणि आपण तरुण झाल्याचा भास होतो. राजबागेतला एक जुना कॅडी नवा क्लब उलटासुलटा करून, फेसवरून अंगठा फिरवून मला म्हणाला, “सर, ह्या साताच्या पोटांत पांच लिपला.” ही निव्वळ फसवणूक आहे असे मात्र म्हणता येणार नाही. नव्या आयर्नमध्ये वजन खाली आणि कडेला नेलेले असते. वजन कडेला नेण्याचा विचार रुजवण्यात पिंग कंपनीच्या कार्स्टन सोलहाइम या अभियंत्याचा मोठा वाटा आहे. वजन खाली गेल्यामुळे कमी लॉफ्ट असूनही चेंडू उंच उठतो आणि ग्रीनवर बऱ्यापैकी थांबतो. प्रश्न खालच्या टोकाला येतो. पिचिंग वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) जुना ४८ अंशांचा होता, तो आता ४४ अंशांचा झाला. त्याच्या आणि सँड वेजच्या मध्ये मोठी फट पडली. ती भरायला आणखी एक वेज आणावा लागला. आणि चौदाचा नियम असल्याने वर एका वुडला (लांब फटक्यांच्या क्लबला) निवृत्त करावे लागले. सात नंबरने मिळवून दिलेल्या अभिमानाची किंमत अशी पिशवीच्या दुसऱ्या टोकाला चुकवावी लागते.

गोव्यातील खेळाडूंच्या नशिबी यात आणखी एक फसगत आहे. आमच्याकडे क्लब निवडताना तो मापून घेण्याची सोय फारशी नाही, म्हणून पुष्कळजण बेंगळुरूला जातात. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ असल्याने सरावाच्या उघड्या रेंजवर तोच फटका इथल्यापेक्षा साधारण तीन टक्के लांब जातो. तिथे दीडशे यार्ड गेलेला चेंडू घाट उतरून काणकोणला आल्यावर १४५ यार्डांवर पडतो. पाच यार्ड म्हणजे काही फार नव्हे, पण नव्या क्लबवरचा विश्वास नेमका त्या पाच यार्डांवर उभा असतो, आणि ग्रीनच्या अलीकडच्या बंकरला (वाळूच्या खड्ड्याला) तेवढे पुरतात. मग ‘आमच्या दमट हवेत चेंडू जड होतो’ हे स्पष्टीकरण येते, जे मी अनेक जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. वस्तुस्थिती उलट आहे: तापमान आणि दाब सारखे असतील तर दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. जड होते ते बहुधा घामाने भिजलेले हातमोजे आणि चौदाव्या होलापर्यंत पोहोचलेले पाय.

आता दुसरी स्मृती, हातांची. या शतकाच्या सुरुवातीला, २००१ आणि २००२ मध्ये, सियान बायलॉक आणि थॉमस कार यांनी मुरलेल्या गोल्फपटूंवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. फटका मारून झाल्यावर ते खेळाडूंना विचारत: आता तुम्ही हा पट कसा मारला, त्यातले काय काय आठवते? पट कसा मारावा याविषयी जाणकार भरभरून बोलले, परंतु आत्ताच मारलेल्या विशिष्ट पटबद्दल त्यांना नवशिक्यांपेक्षाही कमी आठवले. जे काम शरीर आपोआप करते त्याची नोंद मन ठेवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग संशोधकांनी त्यांच्या हातात एक विचित्र पटर दिला. त्याचा शाफ्ट इंग्रजी एस अक्षरासारखा वाकडा होता आणि डोक्यावर जादा वजने लावलेली होती. त्याबरोबर जाणकारांना प्रत्येक पटचे बारकावे आठवू लागले. आणि पटिंग करता करता कानावर पडणारे शब्द टिपण्याचे दुसरे काम दिले तेव्हा, नेहमीच्या पटरने ज्यांचे काहीच बिघडले नव्हते, त्यांचे पट चुकू लागले. नवशिक्यांना मात्र या विचित्र पटरने फारसा फरक पडला नाही, कारण त्यांच्या दृष्टीने सगळेच पटर विचित्र होते.

हा प्रयोग वाचल्यापासून नवा सेट घेणाऱ्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. नवा आयर्न काही एस आकाराचा नसतो. पण डोके चार ग्रॅम जड, शाफ्ट अर्धा इंच लांब, तळ थोडा रुंद, एवढा फरकही हातांना जागे करायला पुरतो. ज्याचा खेळ मुळात विस्कळीत आहे त्याला नवे क्लब लगेच मानवतात आणि ज्याचा खेळ पक्का बसलेला आहे तो महिनोन्‌महिने चाचपडतो, हे आपल्याला अन्यायाचे वाटते, परंतु त्यात अन्याय काही नाही. ज्याच्याजवळ विसरण्यासारखे काही जमलेलेच नाही, त्याच्याकडून काही हिरावून घेतले जात नाही.

गोव्यात घुमटाच्या बाबतीत हे साऱ्या समाजाने अनुभवले आहे. मातीच्या या वाद्याच्या रुंद तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवत. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित प्राणी ठरली आणि काळाच्या ओघात वादकांना बकऱ्याच्या कातड्याकडे वळावे लागले. चतुर्थीच्या आरतीला बसणारे वयस्क वादक अजूनही म्हणतात, की बोट पडल्यावर जो ठणकारा यायचा तो आता येत नाही. ते थाप मारून क्षणभर थांबतात, कातडे काय उत्तर देते ते ऐकतात आणि मग पुढची थाप मारतात. त्यांच्याच शेजारी बसलेली मुले, ज्यांनी बकऱ्याच्या कातड्यावरच हात बसवला, ती सुवारी (घुमटवादनाचा एक प्रकार) अशी वाजवत सुटतात की त्यांना कातड्याचा विचारही शिवत नाही. कान वयस्कांचे अधिक तयार आहेत, यात शंका नाही. तरी त्या क्षणभराच्या थांबण्याने लय कुठेतरी अडखळते. आरतीच्या मांडवात हे सांभाळून घ्यायला इतर दहा हात असतात. फेअरवेवर माणूस एकटा असतो.

जगातील उत्तमोत्तम खेळाडूंचीही यातून सुटका झालेली नाही. रोरी मॅकिलरॉयने जानेवारी २०१३ मध्ये जगातील पहिल्या क्रमांकावर असताना संपूर्ण सेट बदलून नायकेचे क्लब घेतले. अबू धाबीतील पहिल्याच स्पर्धेत तो कटबाहेर गेला, म्हणजे दोन फेऱ्यांनंतर बाद झाला, आणि तिथेही दुसऱ्या फेरीत त्याने जुना पटर पुन्हा बाहेर काढला होता. ते वर्ष त्याला कठीण गेले. त्याच कंपनीच्या क्लबने त्याने २०१४ मध्ये ओपन आणि पीजीए या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, याची आठवण मात्र टीकाकारांना उशिरा झाली. पेन स्टुअर्टने १९९३ नंतर नव्या कराराखाली क्लब बदलले आणि १९९४ चा हंगाम त्याच्या दृष्टीने फारच वाईट ठरला. टायगर वुड्सने २०१० च्या ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजला नवा पटर वापरला आणि शेवटच्या दिवशी तो बाजूला ठेवून जुना परत आणला. पंधरा मोठ्या विजेतेपदांपैकी चौदा त्याने त्याच जुन्या पटरने मिळवली आहेत. या मंडळींकडे तंत्रज्ञ, मोजमाप आणि सरावाचा वेळ यांची कमतरता नव्हती. कमतरता होती ती कॅमेऱ्यांच्या नजरेआड चाचपडण्याच्या मोकळिकीची, जी आपल्यासारख्यांना मुबलक मिळते आणि जिची किंमत आपण करत नाही.

यातून मला एक व्यवहारी गोष्ट उमगली, ती अशी की घरात जुना सेट उभा असेल तर नव्याशी ओळख लांबते. प्रत्येक वाईट फेरीनंतर हात कपाटाकडे जातो, एका फेरीपुरते जुने क्लब बाहेर येतात, आणि पाहुण्यासारखे आलेले ते क्लब चांगले वागतात; मग नव्यांची चाचपडण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हे लक्षात आल्यावर मी जुने आयर्न मडगावातच एका होतकरू मुलाला देऊन टाकले. विकले असते तर किंमत ठरवताना अडलो असतो, कारण आपल्याजवळच्या वस्तूला आपण बाजारभावाहून अधिक मोल लावतो, हे अर्थशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये कॉफीच्या साध्या मगांवर दाखवून दिले आहे, आणि माझ्या गंजलेल्या पिचिंग वेजची मनातली किंमत तर कोणत्याही मगाहून कितीतरी जास्त होती.

पटरच्या बाबतीत मात्र मी हा न्याय लावला नाही आणि लावणारही नाही. आयर्नचा फटका मोठा असतो, त्यात हातांच्या थोड्या जागेपणाला सामावून घ्यायला वाव असतो. चार फुटांच्या पटमध्ये तो नसतो. बॉबी जोन्सने याचा सुरेख तोडगा काढला होता. ‘कॅलॅमिटी जेन’ नावाचा त्याचा पटर झिजला तेव्हा त्याने अधिक चांगला पटर शोधला नाही. त्याचीच हुबेहूब प्रतिकृती करून घेतली आणि १९३० मध्ये चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या त्या वेळी त्याच्या हातात ही प्रतिकृती होती.

अर्थात ‘जुना क्लब’ असे आपण म्हणतो तोही गोव्यात फार काळ जुना राहत नाही. हाताचा स्पर्श होतो तो फक्त ग्रिपला, आणि इथल्या घामाने, उन्हाने आणि खाऱ्या हवेने रबर वर्षभरात गुळगुळीत व कडक होते. गुळगुळीत ग्रिप निसटू नये म्हणून हात नकळत घट्ट धरू लागतात आणि त्याचा ताण मनगटापर्यंत चढतो. त्यामुळे पावसाळ्यात मैदान ओले आणि गवत वाढलेले असते तेव्हा मी ग्रिप बदलून घेतो. एक पदर टेप कमी-जास्त झाली तरी ओळखीचा क्लब काही दिवस परका वाटतो. यंदा आयर्नना सुतळीचा खरबरीत पोत असलेल्या, घामात न निसटणाऱ्या ग्रिप बसवायला दिल्या आहेत, आणि पटरची ग्रिप बदलताना खाली टेपचे जितके पदर निघतील तितकेच परत लावायला सांगितले आहे.